सुवर्णसीता

दूर गेलेल्या माणसाशी आपले नाते टिकते असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कोणाशी टिकलेले असते? त्या माणसाशी, की त्याच्याविषयी आपल्या मनाने जपून ठेवलेल्या चित्राशी? हा प्रश्न वरवर पाहता काव्यशास्त्रातला वाटेल. परंतु नोकरीच्या निमित्ताने घरापासून शेकडो कोस दूर संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तो अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, गाडी सुटते; आणि त्या क्षणापासून मागे राहिलेली माणसे आपल्यापुरती काही अंशी चित्रे होऊन जातात. त्यांचे वय आपण निघालो त्या दिवशीच थांबते. पुढे सुटीत घरी गेल्यावर आई जिना चढताना मध्येच थांबलेली दिसली, म्हणजे आपण चपापतो. चपापण्याचे कारण एवढेच असते, की आपल्या मनातल्या चित्रातली आई जिन्यात थांबत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला वारंवार भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’कडे वळावेसे वाटते. भवभूती मूळचा विदर्भातला, पद्मपूरचा. आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ जे पदमपूर आहे तेच हे पद्मपूर, असे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत होते. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ मात्र त्याला कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी दाखवते. म्हणजे आठव्या शतकातला हा वैदर्भीय कवी उत्तरेच्या राजसभेत नावारूपाला आला. आपले गाव सोडून परमुलखात मान मिळवणाऱ्या माणसाने मीलनापेक्षा वियोगाचे नाटक अधिक समरसून लिहावे, याचे आपणांस तरी नवल वाटू नये. तथापि, त्याने या नाटकात केवळ वियोगाचे दुःख गायिले असते, तर आम्ही त्याचा येथे एवढा विचार केला नसता. दुःख गाणारे कवी पुष्कळ आहेत. भवभूतीने त्यापुढे जाऊन एक अवघड गोष्ट केली आहे: दूर असलेल्या माणसाला कलेच्या द्वारे जवळ आणण्याचे तीन प्रकार त्याने एकाच नाटकात एकापुढे एक मांडले, आणि प्रत्येकाला कोठवर यश येते हे दाखवून दिले.

पहिला प्रकार म्हणजे चित्रांचा. राज्याभिषेकाचा सोहळा आटोपला आहे, पाहुणे परतले आहेत, जनकराजाही मिथिलेस गेल्यामुळे गर्भवती सीता उदास आहे. तिच्या मनोरंजनासाठी लक्ष्मण रामचरिताची चित्रे दाखवावयास आणतो. मिथिलेतला विवाह, चित्रकूटची वाट, पंचवटी, जनस्थान अशी एकेक चित्रे तिघे मिळून पाहतात. शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते. येथून पुढे आपली ताटातूट झाली हे तिला आठवते. राम तिला हसून समजावतो, की अगं, हे चित्र आहे. येथे कला आठवणीचे काम करते. पूर्वी सोबत भोगलेले दुःख आता सोबत बसून पाहावयाचे, आणि ते सरले म्हणून सुखावयाचे. आपल्या घरोघरी असलेली छायाचित्रांची पुस्तके हेच काम करतात.

परंतु याच चित्रमालिकेत भवभूतीने एक लहानशी जागा रिकामी ठेवली आहे. विवाहाच्या चित्रात लक्ष्मण एकेका वधूकडे बोट दाखवतो आणि मग सीता त्याला मिश्कीलपणे विचारते, की ही आणखी एक कोण? ती ऊर्मिला असते. लक्ष्मण लाजतो, आणि घाईने सर्वांचे लक्ष परशुरामाच्या चित्राकडे वळवतो. प्रसंग विनोदाचा आहे, प्रेक्षकही हसतात. तरी क्षणभर थांबून विचार केला म्हणजे ध्यानात येते, की विवाहाच्या चित्रानंतर ऊर्मिला या पटावर पुन्हा दिसत नाही. ती चौदा वर्षे अयोध्येत होती; चित्रे मात्र वनात गेलेल्यांची आहेत. जे निघून जातात त्यांच्या प्रवासाचे चित्र निघते. जे घरी राहतात त्यांच्या दिवसांचे निघत नाही. रवींद्रनाथांनी काव्यात उपेक्षित राहिलेल्या स्त्रियांवर लिहिताना ऊर्मिलेची आठवण केली, आणि मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला वाणी दिली, पण या दोन्ही गोष्टी घडावयास विसावे शतक उजाडावे लागले.

चित्रे पाहून थकलेली सीता रामाच्या बाहूची उशी करून झोपी जाते. त्याआधी रामाने गोदावरीच्या परिसरातल्या जुन्या रात्रींची आठवण काढलेली असते: गालाला गाल लावून दोघे काहीबाही बोलत राहत, त्या बोलण्याला कसला क्रम नसे, आणि रात्र संपली तरी बोलणे संपत नसे. जवळिकीचे याहून नेमके लक्षण आम्हांला दुसऱ्या कोठे आढळलेले नाही. क्रम नसलेले बोलणे हेच ते लक्षण. माणसे दूर गेली म्हणजे सर्वांत आधी हेच हरपते. पत्राला क्रम असतो, दूरध्वनीला क्रम असतो: प्रकृती कशी आहे, पैसे मिळाले का, पाऊस झाला का, मुलांची परीक्षा केव्हा. यातला एकही प्रश्न खोटा नाही. पण ज्या बोलण्यावाचून काही अडत नाही, ते बोलणे या क्रमात बसत नाही. आणि आपल्या माणसाला आपण ओळखतो ते बहुतांशी त्याच बोलण्यामुळे.

निजलेल्या सीतेकडे पाहत राम म्हणतो, की हिचे सर्वच प्रिय आहे, असह्य काही असेल तर तो विरह. आणि तेवढ्यात प्रतिहारी आत येऊन सांगते, ‘आला आहे.’ आलेला असतो दुर्मुख हा हेर, लोकापवादाची बातमी घेऊन. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. येथे आम्हांला एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. रामाने सीतेचा त्याग केला, हे दुःख मोठेच; पण त्याने तिला ते सांगितले नाही, ही गोष्ट निराळी आहे, आणि नीतीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. चित्रे पाहून तिला पुन्हा त्या वनात जाण्याचे डोहाळे लागले होते, आणि त्यासाठी रथ मागवला होता. तोच रथ तिला सोडून येण्यासाठी वापरला जातो. जागी झाल्यावर राम जवळ नाही हे पाहून ती म्हणते, की भेटतील तेव्हा रागावेन, रागावणे जमले तर. आणि आनंदाने रथाकडे जाते.

कर्तव्यासाठी माणसांपासून दूर जावे लागते, हे आपण सारेच जाणतो. राजा असो वा कारकून, लोकांच्या कामाचा भार घेतला म्हणजे घरच्यांच्या वाट्याचा काही काळ त्या कामात जातोच. त्याविषयी कोणाला दोष देता येणार नाही. परंतु कर्तव्य हे दूर जाण्याचे कारण होऊ शकते. मागच्यांना अंधारात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘तेथे फार दिवस नाही राहावयाचे, दोन वर्षांत परत येऊ,’ असे आपण म्हाताऱ्या वडिलांना सांगतो, तेव्हा पुष्कळदा आपल्याला माहीत असते की दोनाची सहा वर्षे होणार आहेत. हा खोटेपणा दयेपोटी असतो असे आपण मानतो. रामालाही बहुधा तसेच वाटले असावे.

याच संदर्भात हालाच्या ‘गाथासप्तशती’तल्या दोन गाथा आठवतात. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह सातवाहनांच्या नावाशी, म्हणजे आपल्या प्रतिष्ठानाशी, पैठणाशी निगडित आहे. एका गाथेत पती नुकताच प्रवासाला निघालेली स्त्री ‘आज गेला’ म्हणून भिंतीवर रेघ ओढते. आणि पुन्हा, आणि पुन्हा. पहिला अर्धा दिवस सरण्याआधीच भिंत रेघांनी भरून जाते. दुसऱ्या गाथेत अशाच एका स्त्रीच्या मैत्रिणी आहेत. पतीने परतण्याचा जो दिवस ठरवून दिला होता तो जवळ येत चालला आहे, आणि तो येणार नाही अशी धास्ती त्यांना वाटते. म्हणून त्या चोरून भिंतीवरच्या दोन-तीन रेघा पुसून टाकतात. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी ही गाथा आपल्याला एका विलक्षण नैतिक पेचात उभी करते. मैत्रिणींचे पुसणे दयेचे आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या आश्वासनामुळे त्यांना ही चोरी करावी लागते, त्याला ती भिंत कधीच दिसत नाही. घरी परतल्यावर त्याला पत्नी दिसेल, कदाचित सारवलेली भिंतही दिसेल; रेघाही दिसणार नाहीत, पुसलेल्या रेघाही दिसणार नाहीत.

आम्हांला वाटते, की वियोगाचे खरे स्वरूप येथे सापडते. माणूस समोर नाही, एवढाच त्याचा अर्थ नाही. त्या माणसाच्या आयुष्यात आपण न पाहिलेला एक कालखंड वाढत जातो, आणि तो दर दिवशी एका रेघेने वाढतो. दोन माणसांमधले अंतर कोसांत मोजणे सोयीचे असते. ते वाढत मात्र या न पाहिलेल्या दिवसांनी जाते. म्हणूनच कोस संपले, गाडी फलाटाला लागली, तरी अंतर संपलेच असे होत नाही.

भवभूतीने दाखवलेला दुसरा प्रकार म्हणजे प्रतिमेचा. बारा वर्षे लोटली आहेत. राम अश्वमेध करणार, आणि यज्ञाला सहधर्मचारिणी हवी. तो दुसरा विवाह करत नाही. सीतेची सोन्याची प्रतिमा घडवून घेतो. या निष्ठेचे महत्त्व आम्ही कमी लेखू इच्छित नाही. तिसऱ्या अंकात, ज्याला छायांक म्हणतात, सीता भागीरथीच्या वराने अदृश्य होऊन पंचवटीत रामाच्या जवळच उभी आहे. राम सांगतो, की अश्वमेधासाठी मला सहधर्मचारिणी आहे. सीतेचा थरकाप होतो; ती विचारते, कोण? राम म्हणतो, सीतेची सुवर्णप्रतिमा. त्यासरशी, टाकून दिले गेल्याच्या लाजेचा जो काटा इतकी वर्षे सलत होता तो आता निघाला, असे सीता म्हणते. जी स्त्री आर्यपुत्राचे असे मन रमवते ती धन्य होय, असेही ती बोलून जाते, आणि तमसा तिला हसून म्हणते, की बाई, ही तर तू आपलीच स्तुती केलीस. प्रतिमेलाही अर्थ असतो तो असा. भिंतीवर लावलेला आपला फोटो दूरच्या घरी रोज पुसला जातो हे कळले, तर कोणाच्या मनातला असा काटा निघणार नाही?

तरीही सोन्याची सीता काही विचारत नाही. ती यज्ञात शेजारी बसते, पण रथ कोठे चालला होता हे तिने कधी विचारलेले नाही. तिचे वय वाढत नाही. तिला दोन मुलगे झालेले नाहीत. रामाला मुलगे आहेत हे रामाला ठाऊक नाही, आणि त्याच्या प्रतिमेलाही ठाऊक असणे शक्य नाही. कारण प्रतिमेला तेवढेच ठाऊक असते जेवढे घडविणाऱ्याला. अनुपस्थित माणसाची प्रतिमा कितीही प्रेमाने घडवली तरी ती आपल्याच ज्ञानाची बनलेली असते. तिच्याशी एकनिष्ठ राहणे म्हणूनच सोपे जाते. ती आपल्याला कधी चुकीचे ठरवीत नाही.

याच अंकात वनदेवता वासंती रामाला एक प्रश्न विचारते, आणि आमच्या मते तो या नाटकाचा कणा आहे. बारा वर्षे सारी अयोध्या जो प्रश्न विचारू शकली नाही तो ती विचारते: त्या वनात तिचे काय झाले असेल? तुम्हांला काय वाटते? वासंती निष्ठुर आहे, असे अदृश्य सीताच म्हणते. पण प्रश्न न्याय्य आहे. राम जे उत्तर देतो तो निव्वळ तर्क आहे: हिंस्र पशूंनी तिला खाल्ले असावे. तो रडतो, मूर्च्छित होतो, त्याचे प्रेम खरे आहे. आणि इतके खरे प्रेम असूनही तिच्या बारा वर्षांविषयी त्याला काही म्हणता काही माहीत नाही. प्रेम आणि माहिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते ही आपली समजूत किती भोळी आहे, हे या ठिकाणी कळते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की माणसामाणसांत काही अंतर असावयासच हवे. दुसऱ्याचे प्रत्येक दिवसाचे सारे जाणून घेणे ही जवळीक नव्हे, पाळत होय. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि भवभूतीलाही तो मान्य असावा. नाहीतर त्याने सीतेला अदृश्य केलीच नसती. रामाने आपल्याला पाहावे की नाही, हे ठरण्याआधी आपण त्याला पाहावे, त्याच्या मनात काय आहे ते आपल्या कानांनी ऐकावे, हा अधिकार कवीने तिला दिला. मूर्च्छित रामाला ती स्पर्श करते. तो स्पर्श ओळखतो, पण हात पुढे करतो तेव्हा तिथे कोणी नसते. त्याच्या हाताने पूर्वी काय केले होते, हे भवभूती विसरलेला नाही. जो बाहू सीतेची उशी होता, त्याच हाताला दुसऱ्या अंकात, शंबूकावर शस्त्र उगारताना, राम म्हणतो, की सीतेला घालवून देणाऱ्या तुला कसली आली करुणा? शंबूकाचा तो वध आज वाचताना आपले मन अधिकच अस्वस्थ होते. राजकर्तव्याच्या नावाखाली त्या एका हाताने काय काय केले, याची ती आणखी एक नोंद आहे. अशा हातात आपला हात पुन्हा केव्हा द्यावयाचा, हे सीतेने ठरवावे, यातच न्याय आहे. विचारणे आपले काम आहे. उत्तर केव्हा द्यावयाचे आणि किती, हे त्या माणसाकडे राहिले पाहिजे.

तिसरा प्रकार सातव्या अंकात येतो. गंगेच्या तीरावर वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा सादर करतात, आणि प्रेक्षकांत राम बसलेला असतो. रंगभूमीवर जे घडते ते त्याच्या आठवणीतले नाही, त्याने घडवलेले नाही आणि त्याला सुखावणारेही नाही: टाकून दिलेली सीता प्रसववेदनांत गंगेत उडी घेते, तिला दोन पुत्र होतात, पृथ्वी आणि गंगा तिला सावरतात. ही ती वर्षे आहेत जी रामाने पाहिली नव्हती. वासंतीच्या प्रश्नाचे उत्तर त्याला येथे मिळते. तो भान विसरून सीतेला हाक मारू लागतो, आणि लक्ष्मणाला सांगावे लागते, की आर्य, हे नाटक आहे. पहिल्या अंकात हे चित्र आहे म्हणून सीतेला धीर देणारा राम शेवटच्या अंकात स्वतः तोच धीर ऐकून घेतो. चित्रापुढे बसलेला राम सुरक्षित होता. या नाटकापुढे तो सुरक्षित राहू शकत नाही. आणि त्यानंतरच अरुंधती खऱ्या सीतेला हाताशी धरून पुढे आणते, नागरिकांना तिचा स्वीकार करावयास सांगते. मूळ रामायणाचा शेवट बदलून भवभूतीने मीलन घडवले हे खरे. पण ते त्याने फुकट घडवलेले नाही. आधी रामाला पाहावयास लावले, मग भेटू दिले.

चित्र आपली आठवण जागी करते, प्रतिमा आपली निष्ठा जागी ठेवते. दोन्ही हव्यात. पण ज्या कलेत दुसऱ्याचे आपण न पाहिलेले दिवस समोर येतात, तीच दोन माणसांमधले अंतर खरोखर कापते. आणि ती पाहणाऱ्याला थोडी तरी जखम केल्यावाचून राहत नाही. कलेविषयी जे खरे आहे ते आपल्या साध्या संसारालाही लागू पडते, असे आम्हांला वाटते.

दळणवळणाची साधने वाढली म्हणून हा प्रश्न सुटला, असे मानण्याचा मोह होतो. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा फारसे कोणाला जाणवलेही नाही. कारण त्याआधीच दूरचा आवाज, आणि पुढे दूरचा चेहराही, खिशातल्या यंत्रात आला होता. ही सोय लहान नव्हे. पण त्या चौकटीत आलेला चेहरा बहुधा आपल्यासाठी सावरून बसलेला असतो. केस विंचरलेले असतात, दिवा नीट लावलेला असतो, आणि ‘आमचे उत्तम चालले आहे’ हे वाक्य आधीच तयार असते. तीही एक सुवर्णप्रतिमाच. फरक एवढाच, की ती मागे राहिलेल्यांनी आपल्यासाठी प्रेमाने घडवलेली असते, आपल्याला तिकडे काळजी नको म्हणून. मैत्रिणींनी रेघा पुसल्या होत्या. येथे रेघा ओढणारेच त्या पुसून मग समोर बसतात. आणि आपणही इकडून तसेच करतो. वरिष्ठांशी झालेली चकमक, परभाषेच्या शाळेत मुलाचे न रमणे, सणावाराच्या संध्याकाळी घरभर पसरलेली सामसूम, यांतले तिकडे काही पोहोचत नाही. दोन्ही बाजूंनी सोन्याच्या मूर्ती एकमेकींशी सौजन्याने बोलत राहतात.

कुश आणि लव यांना वाल्मीकींनी रामायण शिकवलेले होते. रामाचा पराक्रम, सीतेची कथा त्यांना मुखोद्गत होती. तो आपला पिता आणि ती आपली माता, एवढे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. आपली मुले गावाकडच्या आजी-आजोबांविषयी आपल्याकडून अशाच गोष्टी ऐकत वाढतात. गोष्टीतले आजोबा विहिरीत उडी मारतात, बैलगाडी पळवतात, रात्री अंगणात भूपाळीपासून शेजारतीपर्यंत सारे म्हणून दाखवतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. पण मुलांना सुटीत गावी पाठवताना त्यांच्याजवळ आजोबांसाठी एखादा प्रश्नही द्यावा: आम्ही येथे नसतो तेव्हा दुपारी तुम्ही काय करता? उत्तरात फार काही निघणार नाही. वर्तमानपत्र दोनदा वाचतो, पेन्शनीचे कागद लावून ठेवतो, चार वाजता चहा करतो, असे काहीसे ते सांगतील. कदाचित सांगता सांगता क्रम सोडून भलतीकडेच वळतील, आणि मग पुष्कळ वेळ बोलत बसतील.